आबा कुठल्या जहाजावर होते हे आम्हाला कळायलाच हवं

लहानपणापासून घरात एक वाक्य ऐकत आलेय, आबा विक्रांतवर होते. आबा म्हणजे आमचे आजोबा आणि विक्रांत म्हणजे नेव्हीचं जुनं विमानवाहू जहाज. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत तर ते सगळ्यांनाच पाठ आहे, शेजारचे पटेलकाका अजूनही भेटले की विचारतात, तमारा दादा विक्रांत पर हता ने, म्हणजे तुमचे आजोबा विक्रांतवर होते ना, आणि आम्ही हो म्हणतो. दर ४ डिसेंबरला नेव्ही डे असतो, त्या दिवशी अण्णाकाका फॅमिली ग्रुपवर विक्रांतचा तोच एक फोटो टाकतात आणि खाली लिहितात, ७१ चे वीर आमचे आबा. मग पुण्याहून आत्या हात जोडते, आम्ही भावंडं सॅल्यूट टाकतो आणि दिवस संपतो.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना पत्र्याची ट्रंक खाली काढली. त्यात एक बिस्किटाचा डबा निघाला आणि डब्यात आबांची मेडल्स. आम्ही ती कधी नीट बघितलीच नव्हती, आबांनी कधी दाखवली नाहीत आणि ते गेल्यावर आजीने डबा उघडू दिला नाही. माझा चुलतभाऊ एकेक मेडल पुसून वाचत बसला होता आणि एकदम गप्प झाला. स्टारवर लिहिलं होतं, पश्चिमी स्टार.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. १९७१ च्या लढाईनंतर दोन वेगवेगळे स्टार दिले गेले, पूर्वेच्या आघाडीवर होते त्यांना पूर्वी स्टार आणि पश्चिमेला होते त्यांना पश्चिमी स्टार. सगळ्यांसाठी मिळून संग्राम मेडल वेगळं. आणि विक्रांत त्या डिसेंबरात पूर्वेलाच होतं, बंगालच्या उपसागरात. ४ डिसेंबरला त्याच्यावरच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बझारवर हल्ला केला, मग चितगाव, पुढच्या दिवसांत खुलना, मोंगला. मग आबांच्या डब्यात पश्चिमी स्टार कसा?

अण्णाकाका चिडले. म्हणाले मेडल देताना कुणाची तरी अदलाबदल झाली असेल, सरकारी काम आहे. भावाने भिंग घेऊन मेडलची कड वाचली, आपल्याकडे सर्व्हिस मेडलच्या कडेवर नंबर आणि नाव कोरलेलं असतं. नाव आबांचंच होतं. काका त्या रात्री जेवले नाहीत नीट. माझ्या मते काकांचं चिडणं बरोबर होतं, फक्त त्यांनी चिडायचं होतं दुसऱ्या गोष्टीवर, की आबांना जाऊन इतकी वर्षं झाली, लढाईला पन्नासच्या वर वर्षं झाली आणि त्यांच्या सख्ख्या मुलाला अजून माहीत नाही की त्या पंधरा दिवसांत आपला बाप कुठल्या समुद्रात होता.

आबा विक्रांतवर होते हे खोटं नाहीये. जहाजासमोर काढलेला ग्रुप फोटो आहे, पुढे ठेवलेल्या पाटीवर विक्रांत आणि १९६८ लिहिलंय, दुसऱ्या रांगेत आबा आहेत, दाढी ठेवलेली, ओळखू येत नाहीत पण कान आमच्या घराण्याचे आहेत. ते इलेक्ट्रिकलमध्ये होते, ट्रेनिंग जामनगरला वालसुराला, नेव्हीच्या इलेक्ट्रिकल ट्रेनिंगच्या ठाण्यात, झालं होतं, हेही सगळ्यांना माहीत. पण ६८ ते ७१ मध्ये तीन वर्षं जातात आणि नेव्हीत बदल्या होतात. कुठे गेले, कधी गेले, परत आले का, काहीच माहीत नाही. आजीला यायची ती पत्रं आहेत थोडी, पण त्या पत्त्यावर केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस एवढंच असतं, पत्र कुठल्या समुद्रावरून आलंय ते पाकिटावरून कळू नये म्हणूनच ती सोय. आतमध्ये आबा लिहायचे की तब्येत ठीक आहे, बाळाचं वजन कळव.

आम्ही माहिती मागितली. एका कार्यालयाला पत्र लिहिलं, मग दुसऱ्या, मग एक छापील उत्तर आलं की अर्ज पेन्शनरने किंवा त्यांच्या पत्नीने करावा. आबा २००९ ला गेले, आजी २०१७ ला. म्हणजे ज्या दिवशी आजीची फॅमिली पेन्शन बंद झाली त्या दिवशी आबांबद्दल विचारायचा हक्कही बंद झाला. मला नेमका इथेच वाद घालायचाय. आपल्याकडे नौसैनिकाची नोंद ही पेन्शनची केस म्हणून जपली जाते, पैसे देणं संपलं की ती केस मिटते आणि तिच्याबरोबर तो माणूसही मिटतो. घरी असलेल्या पीपीओवर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या कागदावर बघा, रँक आहे, किती वर्षं नोकरी धरली ते आहे, रुपये आणि पैसे आहेत. जहाजांची नावं नाहीत, कारण पेन्शन काढायला ती लागत नाहीत. पण नातवंडांना तर तीच लागतात.

कुणी म्हणेल कशाला पाहिजे, विक्रांतवर असो की दुसरीकडे, देशसेवा ती देशसेवा. हे मला मान्य आहे आणि म्हणूनच खरं काय ते पाहिजे. आत्ता आमच्या घरात दोन तट आहेत. एका बाजूला काका, ज्यांना वाटतं की मेडलची गोष्ट बाहेर काढली तर आबांचा मोठेपणा कमी होतो, आणि दुसऱ्या बाजूला आमची पिढी, जिला कुठेतरी आत वाटायला लागलंय की आबांनी फुगवून सांगितलं की काय. दोन्ही आबांवर अन्याय आहे, कारण आबांनी काही सांगितलंच नव्हतं. विक्रांतवर होतो एवढंच म्हणायचे. ७१ मध्ये होतो असं ते म्हणाले होते का, आम्ही सगळ्यांनी बसून आठवून बघितलं, कुणालाच आठवत नाही. तो जोड आम्ही दिला, कारण आम्हाला विक्रांत आणि ७१ एवढंच माहीत होतं. कागदाचा एक तुकडा असता, अमुक तारखेला चढले, अमुक तारखेला उतरले, तर कुणाला काही जोडावं लागलं नसतं.

आणि विक्रांतसारख्या जहाजाच्या बाबतीत तर हे जास्तच खरं आहे. विमानवाहू जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर येतं ते डेक, त्याच्यावरून सुटणारं विमान आणि पायलट. कॅप्टन स्वराज प्रकाश यांचं नाव इतिहासात आहे आणि असायलाच पाहिजे, पायलट लोकांना वीरचक्रं मिळाली ती मिळायलाच हवी होती. पण हजाराच्या वर माणसं होती त्या जहाजावर, त्यातली बहुतेक खाली होती, उजेड दिसत नाही अशा जागी. १९७१ मध्ये विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता हे आता सगळीकडे लिहिलेलं सापडतं. त्यामुळे जहाजाचा वेग कमी झाला होता, आणि वेग कमी म्हणजे विमान उडायची पंचाईत, कारण जहाज वाऱ्याच्या तोंडावर जोरात पळवतात आणि ती हवा डेकवर मिळाली की कॅटपल्टवरून, म्हणजे विमानाला जोरात पुढे ढकलणाऱ्या यंत्रावरून, विमान नीट सुटतं. म्हणजे वर पायलट बसलाय तो सुरक्षित उडणार की नाही हे खाली स्टोकर लोक, म्हणजे बॉयलर सांभाळणारे, उरलेल्या बॉयलरमध्ये किती वाफ धरून ठेवतात त्याच्यावर होतं. असं जहाज लढाईला नेता येईल का यावर चर्चा झाली, ते नेलं गेलं आणि त्यानं काम केलं. त्या खालच्या माणसांपैकी एकाचं नाव तरी आपल्याला सांगता येतं का? मला नाही येत, आणि मी हे सगळं वर्षभर वाचतेय.

एक गोष्ट वाचली आणि मी पुस्तक मिटून ठेवलं होतं त्या दिवशी. पाकिस्तानची गाझी पाणबुडी विक्रांतला शोधत होती. विक्रांत अंदमानात लपवून ठेवलं होतं आणि ते विशाखापट्टणमजवळच आहे असं शत्रूला वाटावं म्हणून पूर्व कमांडचे व्हाइस ॲडमिरल एन. कृष्णन यांनी आयएनएस राजपूतला विक्रांत म्हणून वावरायला पाठवलं, बंदरात मोठ्या जहाजाला पुरेल एवढ्या रेशनची मागणी केली आणि एक साधा, मुद्दाम उघडा ठेवलेला मेसेज पाठवला, विक्रांतवरच्या एका नौसैनिकाचा खाजगी तार असल्यासारखा, की आई सिरियस आहे, तब्येत कळवा. हे कृष्णन यांनी स्वतः नंतर लिहून ठेवलंय. गाझी ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली. आता बघा, आजारी आई असलेला तो नौसैनिक काल्पनिक होता आणि तो इतिहासात आहे. खरोखरचे जे हजारभर होते, ज्यांच्या खरोखरच्या आया खरोखर काळजीत होत्या, त्यांची यादी घरच्यांना बघता येत नाही.

इतर देशांमध्ये हे कसं चालतं तेही बघितलं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धातल्या त्यांच्या जहाजांचे मस्टर रोल, म्हणजे कुठल्या तिमाहीत जहाजावर कोण कोण होतं त्याची हजेरी, त्यांच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि लोक बघतात. तिथे सैनिक नोकरीतून बाहेर पडल्याला ६२ वर्षं झाली की त्याची फाइल सगळ्यांसाठी खुली होते. ब्रिटनमध्ये गेलेल्या माणसाची सर्व्हिस रेकॉर्ड त्याचे जवळचे नातेवाईक मागू शकतात आणि मृत्यूला २५ वर्षं झाली की जवळच्या नातेवाइकाच्या संमतीशिवायही ठराविक माहिती मिळते. आता आपलं विराट घ्या. ते आधी ब्रिटनचं हर्मीस होतं, १९८२ च्या फॉकलंड लढाईत त्यांच्या ताफ्याचं मुख्य जहाज, मग १९८७ ला आपल्याकडे आलं आणि २०१७ पर्यंत राहिलं. एकच डेक, तेच जिने, त्याच केबिन. पण त्या जहाजावर १९८२ मध्ये कुणाचा आजोबा होता तर त्या इंग्रज पोराला विचारायला एक दार आहे, आणि पुढे तीस वर्षं आपली माणसं तिथे राबली त्यांच्या पोरांना तसं दार कुठे आहे ते मला अजून सापडलं नाहीये.

बडोद्यात राहून हे जास्त लागतं. आपल्या गावात गायकवाडांचं दप्तर आहे, कोठीतलं रेकॉर्ड ऑफिस आहे, मोडी वाचणारी माणसं आहेत. इथल्या जुन्या मराठी घरांमध्ये तुम्हाला सांगतील, आमचे खापरपणजोबा अमुक साली पागेत लागले, अमुक गाव इनाम मिळालं, आणि दाखवायला कागद असतो. रियासतकार सरदेसाई सयाजीराव महाराजांच्या नोकरीत होते, कागद शोधायचा, जपायचा, छापायचा हा संस्कार आपल्याकडे त्या पिढीपासून आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या बारगिराचा पत्ता लागतो आणि १९७१ च्या इलेक्ट्रिशियनचा लागत नाही, हे मला पटूच शकत नाही.

जे आक्षेप घेतले जातात त्यातले काही खरे आहेत, तर त्यांच्याबद्दल बोलते. पहिला असतो सिक्युरिटीचा. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ ला निवृत्त झालं, २००१ पासून मुंबईत म्युझियम म्हणून लोकांनी तिकीट काढून बघितलं, २०१४ मध्ये लिलावात विकलं गेलं आणि मुंबईच्या दारुखान्यात, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथे, तोडलं. त्याचं लोखंड मोटरसायकलच्या टाकीत गेलं, ती बाईक आमच्या सोसायटीत एकाकडे आहे, तो पोरगा अभिमानाने सांगतो. त्याच्यावरची सी हॉक आणि अलिझे जातीची विमानं गोव्याच्या म्युझियममध्ये उभी आहेत. जहाजाचं लोखंडसुद्धा जर सगळ्यांना मिळू शकतं तर त्याच्यावर ७१ मध्ये कोण होतं ह्या यादीत कुठलं गुपित उरलंय? सरकारचं स्वतःचंही म्हणणं आता वेगळं नाहीये, जून २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की लढायांचे कागद साधारण २५ वर्षांनी खुले व्हावेत. आणि पब्लिक रेकॉर्ड्स ॲक्ट १९९३ पासून आहे. म्हणजे तत्त्व मान्य झालंय, आता ते लढाईच्या नकाशांपुरतं ठेवायचं की माणसांच्या नावापर्यंत आणायचं एवढाच प्रश्न आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो, खाजगीपणाचा. सर्व्हिस फाइलमध्ये आजारपण असतं, शिक्षा असते, दारूचा रिपोर्ट असू शकतो, घरची भांडणं असू शकतात. माणूस गेला म्हणून ते सगळं उघडं करायचं का? नाही, मुळीच नाही. आबांना कधी कुणी काय शिक्षा केली ते मला नकोय, ते त्यांनी आम्हाला सांगितलं नसेल तर त्यांचा तो हक्क आहे. मला पाहिजे फक्त एक पान, जहाज किंवा ठाण्याचं नाव, कधीपासून, कधीपर्यंत, काम काय. एवढं पान मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यापैकी कुणीही नातं सिद्ध करून मागितलं तर मिळावं, पेन्शन चालू असो की बंद. आणि १९६२, ६५, ७१ च्या जहाजांच्या हजेरीची यादी, फक्त नाव, नंबर आणि ट्रेड, सगळ्यांना शोधता येईल अशी असावी. मेडिकल आणि शिस्तीची पानं बंद राहू देत. हे करणं अवघड आहे असं मला वाटत नाही, कुठली पानं कुणाला द्यायची हे ठरवायला एक नियम लागतो, तो नाहीये.

कागद फार आहेत, माणसं कमी आहेत, हेही सांगतात. लाहोरच्या म्युझियममध्ये पहिल्या महायुद्धातल्या पंजाबी सैनिकांची रजिस्टरं जवळजवळ शंभर वर्षं पडून होती, त्यात ३ लाख २० हजार माणसांच्या नोंदी होत्या, गावागावाप्रमाणे. ब्रिटनमधल्या पंजाबी लोकांच्या एका संस्थेने आणि ग्रिनिच विद्यापीठाने मिळून त्यांचं काम हातात घेतलं आणि २०२१ मध्ये ती लोकांसमोर यायला लागली, तिकडच्या शीख, मुसलमान, हिंदू घरांना आपापल्या गावची नावं सापडली. म्हणजे २६ हजार पानं, दुसऱ्या देशात ठेवलेली, सीमेच्या पलीकडे, तरी झालं. आपलं तर आपल्याच देशात, आपल्याच कपाटात आहे.

दिल्लीला नॅशनल वॉर मेमोरियल आहे, २०१९ मध्ये सुरू झालं, तिथे पंचवीस हजारांच्या वर शहिदांची नावं भिंतीवर कोरली आहेत, मी तिथे जाऊन आलेय आणि बराच वेळ बोलू शकले नव्हते. देश गेलेल्यांची नावं लिहितो हे फार मोठं आहे. पण जे परत आले, वर्दी काढून कारखान्यात लागले, रिक्षाने पोरांना शाळेत सोडायला लागले आणि पुढे घरीच वारले, त्यांचं नाव लिहिण्याची जागा देशात कुठे नाही, ती जागा फक्त घर आहे, आणि घराकडे कागद नाही.

वेळ किती राहिलाय तेही बघा. ७१ ला विशीत असलेला पोरगा आता पंचाहत्तरीच्या घरात आहे. सरकार करेल तेव्हा करेल पण तोवर ज्यांच्या घरी असे आजोबा आहेत त्यांनी आज संध्याकाळी जाऊन विचारावं, आणि लढाईत काय केलंत असं नका विचारू, त्याला ते काही नाही म्हणतात. विचारा की मेस कुठे होती, झोपायचे कुठे, सोबत कोण होतं, चहा कुठे मिळायचा, पहिलं जहाज कुठलं, मग कुठलं. त्यांच्या नंबरचा, डिस्चार्जच्या कागदांचा, मेडलच्या कडेचा फोटो काढून ठेवा. फोटोमागे काय लिहिलंय ते बघा. आम्ही आबांना २००३ मध्ये विक्रांत म्युझियम बघायला मुंबईला नेलं होतं तेव्हा आम्ही सगळे डेकवर फोटो काढत होतो आणि ते हँगरच्या कोपऱ्यात एक जिना शोधत होते, इथून खाली जायचो म्हणाले. मी दहावीत होते, मी विचारलं नाही की खाली काय होतं.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही दीवला गेलो होतो. बडोदेकर दीवला जातातच. चक्रतीर्थच्या किनाऱ्याजवळ टेकडीवर खुकरीचं स्मारक आहे, काचेत जहाजाची प्रतिकृती ठेवलीय. आयएनएस खुकरी ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री तिथूनच पुढे समुद्रात बुडालं, पाकिस्तानी पाणबुडीच्या टॉर्पेडोने, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. आम्ही पोरं पायऱ्यांवर पळत होतो. आबा वर आले, त्यांनी काचेतलं जहाज बघितलंच नाही, समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. आजी दोनदा हाक मारून आली, सरबत घ्या, ऊन लागेल. अर्धा तास तरी ते तसेच होते. मग खाली आले आणि अण्णाकाकांना म्हणाले, चला, पोरांना भूक लागली असेल. आम्हाला वाटलं बीपी वाढलं असेल. पश्चिमी स्टार निघाला त्या रात्री हे मला आठवलं, आणि मी काकांना फोन करून सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, त्यांनी तिथे चपला काढल्या होत्या, तुझ्या लक्षात आहे का.

ते खुकरीबरोबरच्या एखाद्या जहाजावर होते का, की मुंबईच्या बंदरात, की ओख्याला, की अजून कुठे, मला माहीत नाही आणि मी ठरवणारही नाही, एकदा ठरवून चूक केलीय आम्ही. नवीन अर्ज लिहिलाय. आता तो अण्णाकाकांच्या सहीने जाणार, थोरला मुलगा म्हणून, सोबत मेडलच्या कडेचा नंबर, मृत्यूचा दाखला आणि ६८ चा फोटो. प्रश्न दोनच घातलेत. विक्रांतवरून ते कुठल्या तारखेला उतरले, आणि ३ डिसेंबर १९७१ ला कुठल्या जहाजावर होते.